डावीकडचा पडदा

दुसरा पडदा संगणकाच्या खिजगणतीतच नव्हता. केबल घट्ट बसली होती, पडद्याच्या कोपऱ्यातला दिवाही लागला होता, तरी संगणक आपला एकाच पडद्यावर संसार थाटून बसलेला. ऋजुता मोहितेने केबल काढून पुन्हा लावली, दोन आज्ञा टाइप केल्या, तेव्हा कुठे टेबलाच्या डाव्या बाजूचा काळा चौकोन उजळला. मग समोर दोन छोटे आयत आले, एकावर १ आणि दुसऱ्यावर २ असे आकडे घातलेले. तिने माऊसने दुसरा आयत ओढून पहिल्याच्या डावीकडे चिकटवला.

“एवढंच?” डॉ. फरझाना मुल्लांनी विचारलं.

“एवढंच. संगणकाला डोळे नसतात, डॉक्टर. दुसरा पडदा आहे हे त्याला सांगावं लागतं, आणि तो कुठल्या बाजूला आहे हेही. चुकून उजवीकडे सांगितला, तर माऊसचा बाण उजव्या काठावरून बाहेर पडेल आणि डाव्या पडद्यावर उगवेल. माणसाला वेड लागायची पाळी.”

हे बोलणं चाललं होतं नाशिकजवळच्या विज्ञाननगरीतल्या एका मज्जाविज्ञान प्रयोगशाळेत. टेबलावरचे दोन पडदे म्हणजे नुसती रंगीत तालीम होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. खरे दोन पडदे शेजारच्या खोलीत जोडायचे होते, केदारच्या डोक्यात. केदार म्हणजे ऋजुताचा नवरा.

केदार मोहिते भूगोलाचा मास्तर. दहा महिन्यांपूर्वी त्याला मेंदूचा झटका आला आणि मेंदूच्या उजव्या भागातलं अवधानकेंद्र निकामी झालं. डोळे शाबूत होते, पण जगाची डावी बाजू त्याच्या हिशेबातून निघून गेली. तिथे त्याला अंधार दिसत होता असंही नाही. आपल्या पाठीमागे काय दिसतं असं विचारलं तर आपण काळोख दिसतो म्हणत नाही, तसंच त्याचं होतं. दाढी करायचा ती उजव्या गालाची. फळ्यावर महाराष्ट्र काढायला सांगितला, तर गोंदियापासून झोकात सुरुवात करून जालन्यापर्यंत आला आणि ‘झाला’ म्हणून खडू खाली ठेवला. मुंबई गेली, कोकण गेलं, त्याचं स्वतःचं गुहागरही गेलं, आणि काही राहिलंय असं त्याला वाटेना. डावा पाय हाताला लागला की ‘हा कुणाचा पाय इथे ठेवलाय’ म्हणून ढकलून द्यायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आनंदात होता. ‘मला काय धाड भरलीय, ठणठणीत तर आहे’ हे त्याचं पालुपद. ऋजुताचे डोळे सुजलेले असोत, आवाज बसलेला असो, त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जो नवरा तिच्या पावलाच्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला ते ओळखायचा, त्याच्या जागी एक गमत्या पाहुणा येऊन राहिला होता.

डॉ. मुल्लांचं म्हणणं साधं होतं. डाव्या बाजूचं चित्र केदारच्या मेंदूत पोचत होतं, फक्त ते दाखवायला पडदा उरला नव्हता. धडधाकट डाव्या मेंदूकडे स्वतःचा एक पडदा होता, उजव्या बाजूच्या जगाचा. त्यालाच आणखी एक पडदा जोडून द्यायचा. कवटीखाली बसवलेली बारीक तारांची जाळी पलीकडच्या उजव्या मेंदूतलं चित्र उचलणार आणि अलीकडे डाव्याला आणून देणार. या जोडणीला त्यांनी नाव दिलं होतं अवधानसेतू. जाळी मागच्या महिन्यातच बसवून झाली होती. उरला होता तो प्रश्न मांडणीचा. दुसरा पडदा आलाय, तो अमुक बाजूला आहे, हे मेंदूला समजावणारी आज्ञावली हवी होती.

ती ऋजुताकडे होती. ‘जोडपडदा’ ही तिची बारा वर्षांची मेहनत, एका संगणकाला दोन पडदे लावणाऱ्यांसाठी केलेली आणि मुक्तस्रोत, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, आतली ओळ न् ओळ वाचावी, चुकलं तर दुरुस्त करावी. दुरुस्ती करणाऱ्याने आपलं नाव घालायचं आणि एका ओळीत कारण लिहायचं, एवढीच अट, आणि ती ऋजुतालाही चुकलेली नव्हती. बाजारातल्या बंद आज्ञावल्या डॉ. मुल्लांनी पाहिल्याच नाहीत. माणसाच्या डोक्यात जे घालायचं ते मला वाचता आलं पाहिजे, असं त्या सरळ म्हणाल्या होत्या. कागदोपत्री संमती केदारच्या थोरल्या भावाची होती, नवऱ्यावरच्या प्रयोगात बायकोने फक्त यंत्राचं पाहावं असं ठरलं होतं. पण यंत्राचं पाहणारी हीच, तेव्हा त्या ठरावाला फारसा अर्थ नव्हता.

त्याच सकाळी, ही तालीम आटोपल्यावर, अवधानसेतू पहिल्यांदा सुरू झाला. केदारसमोर एकेक कागद ठेवला गेला. फूल काढ म्हटल्यावर त्याने फूल काढलं, दोन्हीकडच्या पाकळ्यांसकट. फुलपाखराला दोन्ही पंख आले. घराला दोन्ही बाजूंनी खिडक्या आल्या. आडव्या रेघेचा मध्य काढायला सांगितला, तो त्याने बिनचूक काढला. जगभर चालणाऱ्या चाचण्या होत्या आणि केदार त्यांत पैकीच्या पैकी मिळवत होता. डॉ. मुल्लांनी चष्मा काढून डोळे पुसले. ऋजुता भिंतीला टेकून उभी राहिली.

बिंग फुटलं ते जेवणाच्या वेळी.

तिने घरून डबा आणला होता आणि ताट रीतसर वाढलं होतं. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी आणि आमटीची वाटी. गेले दहा महिने केदार उजवीकडचं तेवढं खायचा आणि ताटात लोणचं का नाही म्हणून कुरकुरायचा. आज त्याचा हात मजेत डावीकडे गेला. पोळीचा तुकडा त्याने लोणच्यात चांगला बुडवला, तोंडात घातला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

“भाजी आंबवलीस का ऋजू?” तो म्हणाला. “इकडची बरी आहे, तिकडची आंबट कशी?”

ऋजुताच्या हातातला डाव तसाच राहिला. ताटात भाजी एकाच बाजूला होती. तिने विचारलं, तिकडे आणखी काय काय आहे? आमटी, केदार म्हणाला, दोन्हीकडे आमटी आहे, आज एवढी आमटी कशाला केलीस.

चूक तिची होती, आणि तिच्याशिवाय कुणाच्या हातून ती झाली नसती. दुसरा पडदा जोडला की जोडपडदा आधी त्यावर पहिल्याचीच नक्कल दाखवायचा. नक्कल नको, दोन्हींवर वेगवेगळं हवं असेल, तर ‘विस्तार’ हा पर्याय आपण निवडायचा. ही पद्धत तिने केदारसाठीच ठेवली होती. वर्गात प्रोजेक्टर लावला की भिंतीवर काहीच दिसत नाही, पोरं हसतात, अशी त्याची तक्रार होती. तेव्हापासून राज्यभरच्या मास्तरांची सोय झाली होती, आणि आज तीच सोय मास्तरांच्या मेंदूत जाऊन बसली होती. मेंदू बाजू मोजतो नाकापासून, नाकाजवळ काय आणि लांब काय. त्यामुळे उजवीकडची नक्कल डावीकडे गेली ती आरशासारखी उलटी होऊन बसली. फुलाचं फुलपाखराचं काय, त्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच. जगभरच्या चाचण्या फसल्या, कारण त्या काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपलं वाढलेलं ताट नव्हतं.

डॉ. मुल्लांनी स्वतःला बरंच बोलून घेतलं. विस्तार उद्या सकाळी सुरू करू, आज त्याला झोपू दे, असं त्यांनी ठरवलं. मग चहाचे कप घेऊन दोघी पुन्हा त्या दोन पडद्यांसमोर बसल्या, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

“विस्तार सुरू झाला की त्याला पहिल्यांदा काय दिसेल?”

“डावीकडे त्या क्षणी असेल ते. आणि शिवाय,” असं म्हणून ऋजुताने डाव्या पडद्यावर एक खिडकी उघडली, तिच्यात एका मैफिलीची चित्रफीत लावली, आणि केबल उपटली.

पडदा काळा झाला. गाणं मात्र चालूच राहिलं.

“बघा. खिडकी गेलेली नाही. पडदा गेला म्हणून कुणाची खिडकी बंद करायची नाही, हा जोडपडद्याचा पहिला नियम. मीच घातलेला. खिडकी नसलेल्या पडद्यावर चालू राहते.”

“आणि तुमचा तो बाण? तो तिकडे गेला तर?”

“जातो की. तिकडे जाऊन बटणंसुद्धा दाबतो. फक्त आपल्याला दिसत नाही.” तिने केबल परत लावली. गवयी मघाच्या जागी नव्हता, गाणं बरंच पुढे सरकलं होतं.

डॉ. मुल्ला उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या गालांवर लाली आली होती. “म्हणजे उजव्या मेंदूचंही हेच झालं असणार. तो मेलेला नाही, त्याचा पडदा गेलाय. दहा महिने त्याच्या डाव्या बाजूला जे जे घडलं ते सगळं तिकडे उमटलंय. साठून राहिलंय.”

“चालू असेल,” ऋजुता म्हणाली, आणि तिने एकदम चित्रफीत बंद केली.

कारण दहा महिने ऋजुता केदारच्या डाव्या बाजूला राहत होती.

सुरुवातीला ते नकळत झालं. रडू आलं की ती त्याच्या डावीकडे जाऊन बसायची. तिथे बसलेली बायको त्याच्या लेखी नसायची. उजवीकडे आली की हसून बोलायचं, औषध द्यायचं, त्याचे विनोद ऐकायचे. डावीकडे गेलं की चेहरा हवा तसा सोडून द्यायचा. पुढे पुढे ती तिथे नुसतं रडायची नाही. कधी त्याच्याकडे तिरस्काराने पाहत राहायची, कधी ओठ हलवून, आवाज न करता, नको नको ते बोलायची. घरात तिची अशी ती एकच खोली होती आणि तिला दार नव्हतं.

आणि एक दुपार होती. त्या आठवड्यात त्याने तीनदा पलंग ओला केला होता आणि तीनदा हसला होता. तिने त्याच्या झोपेच्या गोळ्या साठवल्या होत्या. त्याच्या डावीकडच्या तिपाईवर दुधाचा ग्लास ठेवून तिने त्या दुधात कालवल्या, अगदी त्याच्या खांद्याशी बसून. उजवीकडे तोंड करून तो गोदावरीच्या उपनद्या म्हणून दाखवत होता. ती बराच वेळ चमचा फिरवत बसली. ग्लास उचलून पलीकडे न्यायचा होता, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात ग्लास पडला. आपलाच कोपर लागला असं तिला वाटलं, आणि फरशी पुसताना ती देवाचे आभार मानत ओक्साबोक्शी रडली. त्यानंतर गोळ्यांची डबी तिने शेजारणीकडे ठेवायला दिली. झाला प्रकार जगात कुणालाही माहीत नव्हता, असं ती आजवर धरून चालली होती.

उद्या सकाळी ती खिडकी उघडणार होती.

डॉ. मुल्ला विचारत होत्या की साठलेलं सगळं एकदम आलं तर त्याला सोसेल का, आणि दुसरा काही मार्ग आहे का. होता. जुनी मांडणी पुसून रिकामी सुरुवात करता येत होती. सेतू उद्यापासूनचं तेवढं दाखवेल, मागचं काही अलीकडे येणार नाही, आणि जाळीचे प्रवाह पलीकडे साठलेलं हळूहळू मोडून टाकतील. ऋजुताने हे शांतपणे सांगितलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

“तुम्ही म्हणाल तसं,” डॉक्टर म्हणाल्या. “यातलं तुम्हाला जास्त कळतं.”

किती सोपं होतं. ऋजुताने बदल लिहिला, एका ओळीचा. खाली कारणाची रिकामी जागा आली. तिने लिहिलं, ‘रुग्णावर एकदम ताण येऊ नये म्हणून.’ वाक्यात खोटं काहीच नव्हतं. डॉ. मुल्लांनी वाकून वाचलं, मान डोलावली. मग जाता जाता त्या दारात थांबल्या.

“पटतंय मला. एका गोष्टीचं फक्त वाईट वाटतं. दहा महिने ‘मला काही झालं नाही’ म्हणणारा केदार डाव्या मेंदूतला. भाषा त्याच्याकडे आहे, म्हणून आपल्याला तोच ऐकू येतो. पण आपल्याला काय झालंय हे कळतं ते उजव्या मेंदूला. दुसऱ्याचा चेहरा वाचायचा तोही त्यानेच. म्हणजे या दहा महिन्यांत कुणाला दुःख झालं असेल, तर ते त्या गप्प असलेल्याला. रिकामी सुरुवात केली की तो गेला. त्याच्या जागी येईल तोही केदारच, पण तो गेला.”

त्या निघून गेल्या. ऋजुता त्या एका ओळीकडे पाहत बसली. पलीकडे साठलेलं पुसलं तर आपण काय करतोय हे तिला लख्ख दिसत होतं. तो ग्लास पुन्हा भरल्यासारखंच होतं ते, आणि या वेळी कोपर लागणार नव्हता. तिला भीती वाटत होती. नवरा तिच्याकडे पाहील आणि त्याला सगळं ठाऊक असेल. तो भावाला सांगेल, पोलिसांना सांगेल, किंवा काहीच न सांगता आयुष्यभर तिच्या हातचं पाणी पिताना क्षणभर थांबेल. यातलं शेवटचं तिला सगळ्यात असह्य वाटलं.

तिने ओळ खोडली. जुनी मांडणी ठेवायला कारण लिहावं लागत नव्हतं, ती होतीच.

सकाळी केदारला खुर्चीत बसवलं. ऋजुता त्याच्या डावीकडे बसली, कारण दुसरीकडे कुठेही बसणं तिला लबाडी वाटलं असतं. रात्री विचार बदलला, ताण सोसेल तो, एवढंच तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉ. मुल्लांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि जोडणी तपासायला घेतली. मग नक्कल जाऊन विस्तार आला.

केदार नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल काहीतरी सांगत होता. तो वाक्याच्या मध्येच थांबला. त्याची मान सावकाश डावीकडे वळू लागली. त्याने आधी स्वतःचा डावा हात पाहिला, मांडीवर निपचित पडलेला, आणि तो आपला आहे हे कळल्यासारखं त्याच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दहा महिन्यांत तो एकदाही रडला नव्हता. शेजारच्या खोलीतल्या यंत्रांवर आकडे भराभर चढू लागले, म्हणून ते बघायला डॉक्टर तिकडे धावल्या.

खोलीत दोघंच राहिली. केदारने ऋजुताकडे पाहिलं. पाहुणा गेला होता, हे तिला त्या नजरेतच कळलं.

“ऋजू,” तो म्हणाला, “तो ग्लास.”

ती म्हणाली, “हो. मी कालवलं होतं.”

“माहीत आहे. बघत होतो मी.” शब्द जुळवायला त्याला कष्ट पडत होते. बोलता बोलता तो थबकत होता, आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा. “तुझा कोपर नव्हता लागला.”

“मग?”

“मी हात घातला होता. हा.” त्याने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. “प्यायचं होतं मला ते. तू रोज तिथे बसून जे सोसत होतीस, ते दिसायचं. थांब म्हणून सांगता येत नव्हतं. वाटलं, हिला पलीकडे न्यावं लागू नये, आपणच घ्यावा. हात धड चालेना. सांडला.”

ऋजुताने तोंडावर पदर दाबून धरला. त्या दुपारी मानलेले आभार तिला आठवले आणि ते कुणाचे मानायला हवे होते हेच कळेनासं झालं. फरशी पुसताना त्याचा तो हात पलंगावरून लोंबत होता, दुधाने भिजलेला. तिने तो फडक्याने पुसून वर ठेवला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा.

डॉ. मुल्ला परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता. आकडे आता ठीक आहेत, घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं आणि खुर्ची ओढून त्या केदारसमोर बसल्या.

“केदार, डावीकडे काय दिसतंय, सांगाल?”

केदारने नजर हलवली नाही.

“माझी बायको आहे,” तो म्हणाला. “फार थकली आहे.”

डॉक्टरांनी उत्तर बरोबर म्हणून खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.